कागदावर हात दिसले पाहिजेत

फिजिओथेरपी विभागात मदतनीस घ्यायची वेळ आली की एक मत हमखास कानावर येतं. विभागप्रमुख म्हणतात, एचआरवाले म्हणतात आणि ज्यांची उभी हयात पेशंटच्या कॉटशेजारी गेली असे ज्येष्ठ थेरपिस्टही म्हणतात : ‘या कामाला बायोडेटा कसला बघायचा? दोन दिवस पॅरलल बारपाशी उभं करा. पेशंटला धरता येतंय का, शी-शू बघून तोंड फिरवतोय का, एवढं बघा. जमलं तर ठेवा, नाही तर दुसरा बोलवा.’

हे म्हणणारी माणसं उथळ नाहीत. गुळगुळीत कागदावर छापलेला बायोडेटा घेऊन आलेला मुलगा पहिल्याच दिवशी बेडपॅन बघून निघून गेला आणि सहीसुद्धा जेमतेम करणाऱ्या मावशींनी निवृत्त होईपर्यंत अख्खा वॉर्ड सांभाळला, हे दोन्ही त्यांनी पाहिलेलं असतं. मीही पाहिलं आहे. पण त्यावरून ते जो निष्कर्ष काढतात तो मला मान्य नाही. ‘बायोडेटा बघू नका’ या सल्ल्याने मदतनिसाचं नुकसान होतं, पेशंटचं त्याहून जास्त होतं, आणि ज्यांना स्वस्तात माणसं हवी आहेत त्यांचं तेवढं फावतं. म्हणून हा प्रतिवाद.

आधी हा मदतनीस करतो काय, ते पाहू. लकव्याच्या पेशंटला कॉटवरून व्हीलचेअरवर घेणं. गुडघा बदललेल्या आजी वॉकर धरून पहिली चार पावलं टाकतात तेव्हा खुर्ची घेऊन त्यांच्या मागून चालणं. शेकाच्या पिशव्या टॉवेलात गुंडाळून देणं. कमरेखालची संवेदना गेलेल्या तरुणाला ठरल्या वेळी कुशीवर वळवणं. गादी पुसणं, वजनं, बॉल, पट्टे जागच्या जागी ठेवणं, पुढच्या पेशंटची तयारी करणं. आणि या सगळ्यात पेशंटशी बोलत राहणं, कारण थेरपिस्ट एकाच वेळी तिघाचौघांकडे बघत असतो आणि पेशंटची भीती ऐकायला शेजारी असतो तो मदतनीसच. पुनर्वसन हे आपल्याकडे नवं काम नाही. पुण्याचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ सालचं, हाजी अलीची अखिल भारतीय संस्था १९५५ सालची, खडकीचं पॅराप्लेजिक केंद्र १९७४ सालचं. आज तालुक्याच्या गावीही फिजिओथेरपीचा दवाखाना असतो. पण मदतनिसाकडे बघण्याची आपली रीत ‘हाताखालचा पोऱ्या’ या शब्दांपलीकडे फारशी गेलेली नाही.

थेरपिस्टचं नाव कुठे ना कुठे नोंदलेलं असतं. महाराष्ट्रात ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपीची राज्य परिषद आहे. विशेष शिक्षक, वाचा आणि श्रवणतज्ज्ञ, कृत्रिम अवयव बनवणारे यांच्या नोंदणीची सोय १९९२च्या भारतीय पुनर्वसन परिषद कायद्याने झाली. २०२१ साली संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा आला, पण त्याच्या सर्वांत खालच्या पायरीवर उभं राहायलाही किमान दोन हजार तासांची पदविका किंवा पदवी लागते. दहावी झालेला किंवा आठवीतच शाळा सुटलेला मदतनीस यांपैकी कोणत्याच दारातून आत जात नाही. त्याला नोंदणी क्रमांक नाही, त्याची परिषद नाही, त्याने दहा वर्षं कोणतं काम केलं हे सांगणारं सरकारी पुस्तक नाही. त्याच्या अनुभवाची जगात एकच नोंद असू शकते आणि ती म्हणजे त्याने स्वतः लिहिलेला कागद. तोच बघू नका असं सांगितलं की त्याची दहा वर्षं पुसली जातात. नोकरी बदलली की तो पुन्हा ‘नवीन हेल्पर’, आणि पगार पुन्हा तळापासून. किमान वेतनाच्या तक्त्यात कुशल, अर्धकुशल, अकुशल अशा पायऱ्या असतात. अनुभव कागदावर नसलेल्या माणसाला कोणत्या पायरीवर बसवलं जातं, हे सांगायला नको.

आता ‘दोन दिवस उभं करून बघा’ याविषयी. ही परीक्षा होते कुणाच्या अंगावर? डाव्या बाजूचा लकवा झालेल्या पेशंटचा डावा खांदा घ्या. भोवतालचे स्नायू सैल पडलेले असतात, हाताचं सगळं वजन अस्थिबंधांवर लोंबकळत असतं. माहीत नसलेला माणूस चांगल्या हेतूने, मदत म्हणूनच, तोच हात धरून पेशंटला वर ओढतो. खांद्याला दुखणं जडतं, ते महिनोन्‌महिने पुरतं आणि त्या दुखण्यामुळे पेशंट व्यायामच नाकारू लागतो. खुब्याचा सांधा बदललेल्या पेशंटला कुणी खालच्या स्टुलावर बसवलं, मांडी काटकोनापलीकडे वाकली, तर नवा सांधा निखळू शकतो. मधुमेहाने पायाची संवेदना बोथट झालेल्या आजोबांना शेकाची पिशवी पुरेशा घड्या न घालता दिली तर कातडी भाजते आणि त्यांना कळतही नाही. मशीनमधल्या पाण्यातून काढलेली ती पिशवी सत्तर अंशांच्या पुढची असते, म्हणून टॉवेलाच्या सहा-आठ घड्या लागतात आणि पाच मिनिटांनी उचलून कातडी बघावी लागते. हे उमेदवाराला माहीत आहे की नाही, ते पेशंटला हात लावण्याआधी कळायला हवं. त्यासाठी त्याने आधी काय केलं आहे ते समोर लिहिलेलं हवं, म्हणजे त्यावर बोट ठेवून विचारता येतं : शेक दिलात म्हणता, कसा दिलात सांगा.

शिवाय ते दोन दिवस फुकटच जातात. घरगुती रुग्णसेवेच्या ब्युरोमार्फत ड्युटी करणारी बाई दोन दिवस ‘बघण्यासाठी’ आली की तिची तिकडची ड्युटी जाते, कधी कधी पेशंटच दुसरीकडे जातो. ती ते परवडून घेते, कारण तिला महिन्याच्या पगाराची, कॉटशेजारी खुर्चीवर झोपावं लागणार नाही अशी नोकरी हवी असते. दोन दिवसांनी ‘नको’ म्हणायला आपल्याला काही पडत नाही. तिला पडतं.

माझे सहकारी यावर म्हणतात, ‘मान्य, पण बायोडेटात असतं काय? सगळे सारखेच.’ हे खरं आहे. असा बायोडेटा मी अगदी ओळीने सांगू शकते. वर ‘करिअर ऑब्जेक्टिव्ह’. त्याखाली, आव्हानात्मक वातावरणात संस्थेच्या प्रगतीबरोबर स्वतःची प्रगती साधायची आहे, अशा अर्थाचं लांबलचक इंग्रजी वाक्य, ज्यातला एकही शब्द अर्जदाराच्या तोंडी कधी आलेला नाही. मग दहावीचे टक्के. मग एमएससीआयटी. मग छंद : वाचन, गाणी ऐकणं, क्रिकेट. मग वडिलांचं नाव, धर्म, जात, लग्न झालं की नाही, आधार क्रमांक. ‘अनुभव’ या शब्दासमोर : पाच वर्षे. शेवटी, वरील माहिती खरी असल्याची ग्वाही आणि सही. तालुक्याच्या स्टँडसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात एक फाइल तयार असते. दुकानदार तिच्यातलं नाव बदलतो आणि प्रिंट काढून देतो. तो इंजिनिअर झालेल्या मुलालाही तीच फाइल देतो आणि कॉटशेजारी पाच वर्षं काढलेल्या बाईलाही.

पण यावरून बायोडेटा निरुपयोगी ठरत नाही. यावरून एवढंच ठरतं की त्या पाच वर्षांत काय केलं हे तिला आजवर कुणी विचारलेलंच नाही. दुकानदाराने विचारलं नाही, ब्युरोने विचारलं नाही, आणि आपणही विचारत नाही.

अशाच एका कागदाची मालकीण माझ्यासमोर बसली होती. हात मांडीवर, पदर खांद्यावरून ओढून घेतलेला, नजर माझ्या टेबलावरच्या मॉडेलकडे, मणक्याच्या हाडांच्या. मी विचारलं, “ताई, पाच वर्षं कुठे होतात?”

“ब्युरोकडून घरी ड्युटी करत होते मॅडम. एकच पेशंट. काका होते, गाडीवरून पडलेले. मान मोडली होती. मानेखाली काही कळायचं नाही त्यांना.”

“त्यांना अचानक घाम सुटला, डोकं ठणकायला लागलं, चेहरा लाल झाला, तर काय करायचात?”

तिने क्षणभरही विचार केला नाही. “आधी बसतं करायचं. झोपवून ठेवायचं नाही. मग लघवीची नळी बघायची, कुठे मुडपलीय का. बहुतेक वेळा पिशवी भरलेली असायची, नाही तर नळी पायाखाली दाबलेली. ती मोकळी केली की उतरायचं. कपडे घट्ट असले तर सैल करायचे. नाहीच उतरलं तर लगेच डॉक्टरांना फोन.”

छातीच्या सहाव्या मणक्यापाशी किंवा त्याच्या वर मज्जारज्जूला इजा झालेल्या पेशंटमध्ये हे घडू शकतं. खाली कुठे तरी त्रास होत असतो, भरलेलं मूत्राशय असेल, तुंबलेलं पोट असेल, घट्ट पट्टा असेल. पेशंटला तो जाणवत नाही, पण शरीर बीपी एकदम चढवून उत्तर देतं. वेळेत कारण दूर केलं नाही तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांना हा प्रश्न तोंडी परीक्षेत विचारला तर काही जण अडखळतात. ही बाई अडखळली नाही. आणि तिच्या कागदावर यातलं काय होतं? ‘पाच वर्षे.’ त्याच्या खाली ‘छंद : वाचन’.

आता माझ्या सहकाऱ्यांना माझा प्रश्न आहे. या बाईला तुम्ही दोन दिवस पॅरलल बारपाशी उभं केलं असतं तर हे तुम्हाला कळलं असतं का? त्या दोन दिवसांत मानेला इजा झालेला पेशंट आलाच नसता. तुम्ही पाहिलं असतं की ती थोडी बुजरी आहे, वॉकरची उंची कशी बदलायची ते तिला ठाऊक नाही आणि मशीनची बटणं बघून गोंधळते. ‘जमत नाही’ म्हणून तुम्ही तिला परत पाठवलं असतं. वॉकरची बटणं एका दुपारी शिकवता येतात. तिला जे येत होतं ते शिकायला पाच वर्षं लागली होती.

आम्ही दोघींनी मिळून तिचा कागद पुन्हा लिहिला. तो असा झाला : ‘ब्युरोतर्फे घरगुती रुग्णसेवा, पाच वर्षे, बारा तासांची दिवसपाळी. मानेच्या मणक्याला इजा झालेले एक रुग्ण. दर दोन तासांनी कूस बदलणे. माकडहाड, टाचा, खांदे रोज तपासणे. पाच वर्षांत बेडसोअर झाला नाही. कॉटवरून व्हीलचेअरवर घेणे, आधी दोघांच्या मदतीने, नंतर ट्रान्स्फर बोर्ड वापरून एकटीने. कॅथेटरच्या पिशवीची स्वच्छता, लघवीचे प्रमाण वहीत लिहिणे. बीपी अचानक वाढल्याची लक्षणे ओळखून बसते करणे, नळी तपासणे, डॉक्टरांना कळवणे. घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टने दाखवलेले सांधे हलवण्याचे व्यायाम त्यांच्या सूचनेप्रमाणे करून घेणे. शेक व मशीनचा अनुभव नाही. शिकण्याची तयारी आहे. मराठी, हिंदी, कन्नड बोलते.’ पेशंटचं नाव नाही, पत्ता नाही, कारण त्याचा आजार ही त्याची खासगी गोष्ट आहे आणि हे भान अर्जात दिसणं हासुद्धा उमेदवाराच्या बाजूचा मुद्दा आहे. विचारपूस करायची झाल्यास त्या फिजिओथेरपिस्टचा नंबर, त्यांची परवानगी घेऊन. जात गेली, धर्म गेला, आधार क्रमांक गेला. आधार क्रमांक अर्जावर छापून गावभर वाटायची गोष्टच नव्हे. दहावीचे टक्के खाली एका ओळीत राहिले. सगळा मजकूर एका पानात मावला.

या कागदातली सर्वांत मोलाची ओळ कोणती असं मला विचाराल तर मी ‘शेक व मशीनचा अनुभव नाही’ याकडे बोट दाखवेन. इथे मला दुसऱ्या बाजूच्या लोकांशीही भांडायचं आहे. ते बायोडेटाच्या विरोधात नाहीत, उलट त्याचे फार भक्त आहेत. करिअर मार्गदर्शनाच्या शिबिरांतून ते सांगतात की बायोडेटा ‘दमदार’ करा : जोरकस क्रियापदं घाला, जाहिरातीतले शब्द जसेच्या तसे उचला, जे केलं त्याला मोठं नाव द्या. बँकेत किंवा विक्रीच्या नोकरीत हे खपत असेल. पुनर्वसनाच्या मदतनिसाने हे ऐकलं तर त्याच्या कागदावर ‘फिजिओथेरपी दिली’, ‘पेशंटचं मूल्यमापन केलं’, ‘आयएफटी व अल्ट्रासाउंड उपचार केले’ अशा ओळी येतात. मी नेमणूक करायला बसले असेन तर अशा ओळी वाचून मला धास्ती वाटते. ज्याला आपलं काम कुठे संपतं आणि थेरपिस्टचं कुठे सुरू होतं हे माहीत नाही, तो माणूस थेरपिस्ट चहाला गेलेला असताना मशीनचा डायल स्वतःच फिरवेल. पेसमेकर बसवलेल्या पेशंटला करंट लावेल, कारण त्याने तो लावलेला ‘अनुभव’ लिहिलेला आहे.

‘थेरपिस्टने सांगितल्याप्रमाणे’, ‘देखरेखीखाली’, ‘मदत केली’ हे शब्द त्या शिबिरांत कमजोर म्हणून खोडायला सांगतात. आमच्या कामात तेच शब्द कागदाला बळ देतात. ते वाचून मला कळतं की हा माणूस पेशंटला चक्कर आली तर थांबेल आणि हाक मारेल, स्वतःच पुढे रेटणार नाही. अमेरिकेत तर या सीमेला पैशाचीही धार आहे. तिथे मदतनिसाने एकट्याने दिलेल्या सेवेचे पैसे मेडिकेअर ही सरकारी विमा योजना देत नाही. त्यामुळे तिथल्या दवाखान्यात थेरपिस्ट, परवानाधारक असिस्टंट आणि एड, म्हणजे मदतनीस, या तीन पायऱ्या काटेकोर पाळल्या जातात. आपल्याकडून पदवी घेऊन गेलेली मुलं परवान्याची परीक्षा होईपर्यंत तिथे कधी कधी एड म्हणून काम धरतात. त्यांनाही माझं हेच सांगणं असतं. तुमची पदवी शिक्षणाच्या रकान्यात जरूर लिहा, पण परवाना हातात नसताना स्वतःला फिजिकल थेरपिस्ट म्हणवून घेऊ नका. तो किताब तिथे कायद्याने राखलेला आहे.

आकड्यांचंही तसंच. ‘आकडे घाला’ हा सल्ला चुकीचा नाही, पण कोणते आकडे? ‘रुग्णसमाधानात वाढ’ असले टक्के मदतनिसाकडे असूच शकत नाहीत आणि असले तर ते रचलेले आहेत. त्याच्याकडे दुसरे आकडे असतात. पाळीत किती पेशंट व्हायचे, हॉलमध्ये किती कॉट होत्या, थेरपिस्ट किती होते, लहान मुलं जास्त होती की म्हातारी माणसं, हाडांचे पेशंट की मेंदूचे. रोज तीस पेशंटच्या ओपीडीत तिघा थेरपिस्टच्या हाताखाली दोन वर्षं काम, एवढं वाचलं तरी मला तो हॉल डोळ्यांसमोर दिसतो, गर्दीत तो कसा वागत असेल याचा अंदाज येतो.

प्रमाणपत्रांविषयीही दोन शब्द बोलले पाहिजेत. हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलचे जनरल ड्युटी असिस्टंट, होम हेल्थ एड असे अभ्यासक्रम आहेत. नॅशनल ट्रस्टच्या सहयोगी योजनेत काळजीवाहकांना प्रशिक्षण मिळतं. ही प्रमाणपत्रं जरूर लावावीत. पण नुसतं नाव लिहून थांबू नये. त्यात कोणत्या वॉर्डात प्रत्यक्ष काम केलं, बाहुलीवर शिकलो की पेशंटवर, हे लिहावं. छातीवर दाब देण्याचं प्रशिक्षण झालं असेल तर कोणत्या साली झालं ते लिहावं, कावीळ-बी ची लस घेतली असेल तर तेही लिहावं. हॉस्पिटलला या दोन गोष्टी तुमच्या छंदांपेक्षा कितीतरी जास्त हव्या असतात.

सर्वांत जास्त राग मला येतो तो ‘घरच्यांचं केलं तो काही अनुभव नव्हे’ या वाक्याचा. सासऱ्यांना लकवा झाला आणि सुनेने चार वर्षं त्यांचं सगळं केलं. नाकातल्या नळीतून भरवण्यापासून ते काठी धरून अंगणात चालवण्यापर्यंत. सासरे गेले, घरात पैसे नाहीत, ती नोकरी शोधायला निघते, आणि तिच्या बायोडेटात त्या चार वर्षांच्या जागी मोकळी जागा असते. मुलाखत घेणारा विचारतो, ‘ही चार वर्षं काय करत होता?’ ती म्हणते, ‘घरीच होते.’ हे उत्तर देताना तिचा आवाज खाली जातो आणि तसा तो जावा असं आपणच तिला शिकवलेलं आहे. दुसऱ्याच्या घरी पगार घेऊन केलं तर अनुभव आणि स्वतःच्या घरी केलं तर कर्तव्य. पेशंटच्या शरीराला हा फरक कळत नाही. कूस बदलली की नाही, घास गिळताना ठसका लागला तर थांबलं की नाही, एवढंच त्याला कळतं. त्या सुनेने ते लिहिलंच पाहिजे : कुणाची काळजी, कोणता आजार, किती काळ, काय काय केलं, कोणत्या थेरपिस्टने शिकवलं. ‘कुटुंबातील रुग्णाची सेवा, विनावेतन’ असं स्पष्ट लिहावं, लपवू नये, फुगवू नये. आणि मुलाखत घेणाऱ्याने त्यावर तेच प्रश्न विचारावेत जे तो ब्युरोच्या बाईला विचारतो. नसेल येत उत्तर तर नसेल. पण प्रश्न विचारायच्या आधीच ती चार वर्षं शून्य धरायची, हा अन्याय आहे.

माझ्या सहकाऱ्यांचा शेवटचा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे. ते म्हणतात, ‘तुम्ही लिहिता येणाऱ्यांना झुकतं माप देताय. जी मावशी तीस वर्षं वॉर्ड सांभाळते, तिला चार ओळी लिहिता येत नाहीत. तुमच्या कागदाच्या आग्रहाने तीच मागे पडणार.’ ही भीती खरी आहे आणि तिचं उत्तर मी टाळणार नाही. कागद तिने स्वतःच्या हाताने लिहावा असा माझा आग्रह नाही. मजकूर तिचा असावा, एवढाच आहे. तो कुणीही लिहून द्यावा : मुलीने, शेजारच्या मास्तरांनी, आणि खरं तर तिच्या हाताखाली शिकलेल्या थेरपिस्टने. आमच्यातल्या कितीतरी जणांना पेशंट कसा धरायचा हे पहिल्यांदा अशाच एखाद्या मावशींनी दाखवलेलं असतं. त्यांच्या शेजारी अर्धा तास बसून, त्यांनी सांगितलेलं जसंच्या तसं उतरवून घेणं आपल्याला जड का जावं? मराठीत लिहावं. एचआरला इंग्रजी हवं असेल तर नंतर कुणीतरी इंग्रजीत करून देईल. आधीच इंग्रजीत लिहायला बसलं की ती पुन्हा झेरॉक्सवाल्याच्या फाइलीत जाऊन बसते. आणि कागद नसताना मावशी पुढे येतात हे तरी कुठे खरं आहे? कागद नसताना पुढे येतो तो ओळखीचा माणूस. सुपरवायझरचा भाचा, कंत्राटदाराच्या गावचा मुलगा. ‘माणूस बघून घेतो’ म्हणणाऱ्या विभागांत बहुतेक माणसं कुणाच्या तरी शब्दावर आलेली असतात. ज्या मावशींच्या नावाने आपण बोलतो, त्यांना तो शब्द टाकणारं कुणी नसतं.

यात हॉस्पिटलांचा वाटा मोठा आहे आणि त्यावर पडदा टाकायची माझी तयारी नाही. मदतनीस बहुतेक ठिकाणी कंत्राटदाराच्या हजेरीपटावर असतो. नोकरी सोडताना अनुभवाचा दाखला मागायला गेला की हॉस्पिटल म्हणतं, तू आमचा नव्हेस, कंत्राटदाराकडे जा. कंत्राटदार देतो तो दाखला ‘हाउसकीपिंग’चा, कारण करारात तेच लिहिलेलं असतं. ज्याने रोज पेशंट उभे केले त्याच्या हाती झाडलोटीचा दाखला येतो. म्हणून मदतनिसांनी कामावर असतानाच स्वतःची एक वही ठेवावी असं मी सांगते. कोणत्या प्रकारचे पेशंट, कोणतं काम, कोणती नवी गोष्ट शिकलो, कुणी शिकवली. पेशंटची नावं न लिहिता. सहा महिन्यांनी विभागातल्या थेरपिस्टची त्यावर सही घ्यावी. ही सही करायला कुठल्याही थेरपिस्टला कुणाची परवानगी लागत नाही, आणि ज्यांनी आजवर ती केली नाही त्यांनी ती उद्यापासून करावी.

आणि जाहिरात. ‘पाहिजेत : हेल्पर, स्त्री/पुरुष, अनुभवींस प्राधान्य, बायोडेटासह भेटा.’ असं छापून आपण पाच टक्केही माहिती देत नाही आणि समोरून नेमका बायोडेटा मागतो. त्याऐवजी एवढं छापा : विभागात लकव्याचे आणि सांधे बदललेले पेशंट आहेत, दिवसाला साधारण किती येतात, पेशंट उचलण्याचं काम किती आहे, मशीनला हात लावायचा आहे की नाही, पाळी कोणती, पगार किती, नेमणूक हॉस्पिटलची की कंत्राटदाराची. आणि शेवटी लिहा की अर्जात अशा पेशंटसाठी तुम्ही स्वतः काय काय केलं आहे ते सांगा, घरी केलं असेल तरी चालेल, मराठीत, हाताने लिहिलेलं चालेल.